शून्य पतंगांचं गाव

तुळशीरामनं बाज निंबाखाली ओढली आणि आसिमला बसायला सांगितलं. आसिमनं बॅगेतून लॅपटॉप काढला, पण उघडला नाही. आधी माणसाशी बोलायचं, मग यंत्र उघडायचं, असा त्याचा शिरस्ता होता.

“चहा ठेवते,” तुळशीरामची बायको सत्यभामाबाई आतून म्हणाली. “गोड चालते ना, भाऊ?”

“चालेल, मावशी.”

बुलढाण्यात एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्यांत आसिमची कंपनी होती. म्हणजे मालकीण अनुपमा, आणि अ‍ॅप बांधणारा आसिम. बीटी बियाणं लावूनही कपाशीत बोंडअळी शिरायला लागली, तेव्हा त्यांनी हे अ‍ॅप काढलं. शेतकऱ्यानं वावरात सापळा टांगायचा, अळीचे पतंग त्यात येऊन अडकतात. दर सोमवारी ते मोजून आकडा मोबाइलवर टाकायचा. आकडा वाढला की कधी आणि काय फवारायचं ते अ‍ॅप सांगणार.

सुरुवातीला अ‍ॅप भरपूर प्रश्न विचारायचं. वाण कोणता, लागवड कधीची, पाणी कसं. शेतकरी तिसऱ्या प्रश्नालाच मोबाइल खिशात घालत. आसिमनं बाकीचे सगळे उडवले आणि एकच ठेवला: सापळ्यात किती पतंग? शिवाय हा आकडा टाकल्याशिवाय हवामानाचं पान उघडणार नाही, अशी सोय केली. आकडे धो धो यायला लागले. अनुपमानं ऑफिसात पेढे वाटले. सॉफ्टवेअरच्या धंद्यात कमी विचारणं ही कला आहे, असं आसिम तेव्हापासून भेटेल त्याला सांगत असे, आणि जरा जास्तच वेळा सांगत असे.

या गावाचा आलेख बघून मात्र तोही थक्क झाला होता. पहिल्या हंगामात आकडे भसाभस वर गेलेले. पुढचे दोन्ही हंगाम शून्य. एका घराचं नव्हे, अख्ख्या गावाचं शून्य. जिल्ह्यात दुसरीकडे कुठेच असं नव्हतं.

देऊळगाव राजाजवळ त्याच्या अब्बांच्या, फकीर मोहम्मदांच्या वावरात तर त्याच दोन हंगामांत अळीनं बोंडंच्या बोंडं पोखरून टाकली होती. यंदा ते कपाशीचं नाव काढायला तयार नव्हते. आसिमनं त्यांना या गावाचा आलेख दाखवून दाखवून वळवलं. पण नुसत्या आलेखावर पीक येत नाही, इथली युक्ती कळायला हवी होती. ती घ्यायलाच तो वरवट बकालच्या पुढे फाट्यावर उतरून उन्हातान्हात चालत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी रानं होती, मे महिन्यात सगळीकडे असतात तशी.

“काका, हे शून्य कसं जमवलंत?”

“जमवाचं काय त्यात?” तुळशीराम म्हणाला. “सोमवारी आठवणीनं टाकतो. मी टाकतो, शेजारचा रंगराव टाकते, समदेच टाकतात. हवामान पाह्याले लागते ना.”

“आणि फवारणी?”

“बोंडअळीच्या औषधाले तर हातच नाई लावला.”

आसिम बाजेवर पुढे सरकला. फवारणी न करता शून्य! त्याला पुढचे दहा प्रश्न एकदम विचारावेसे वाटले. पण वापरणाऱ्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, त्याचं त्याला बोलू द्यायचं, हा त्याच्या कामातला पहिला धडा. त्यानं मोघमच विचारलं, “मग आधीपेक्षा वेगळं काय केलंत?”

तुळशीरामनं मान खाजवली. “वेगळं म्हणजे, डोक्याचा ताप घेणं सोडलं, बापू. आता झोप लागते.”

“सापळे बघू का?”

तुळशीरामनं कंपनीनं गेल्या साली दिलेले सापळे आतून आणले. पतंग अडकायच्या पिशव्या कोऱ्या करकरीत होत्या. इतके जपलेले सापळे आसिमनं कुठे पाहिले नव्हते. त्यानं कौतुकानं त्यांचा फोटो काढला.

तेवढ्यात फोन वाजला. अब्बा होते.

“लावायलोय बरं का सरकी,” ते म्हणाले. “विहिरीचं पाणी दिलं, सकाळपासून बाया एकेक दाणा टोबायल्या. अर्धं वावर झालं बी. माझं मन सोयाबीनवरच होतं, पण तू एवढं म्हणालास. आसिम, यंदा बी गेलं तर पुन्हा उभं राहायची ताकद नाही माझ्यात, बेटा.”

“अब्बा, उरलेलं अर्धंही लावून टाका. मी त्याच गावात बसलोय. इथं फवारासुद्धा मारत नाहीत.”

“खरं म्हणतोस?”

“डोळ्यांनी बघतोय.”

“बरं. लावतो मग,” म्हणून अब्बांनी फोन ठेवला.

आसिमला एकदम हलकं वाटलं. दोन वर्षं त्याला अब्बांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आज त्याला आपल्या कामाचा खराखुरा अभिमान वाटला आणि तो त्यानं लपवलाही नाही. चहा आला तेव्हा तो आपल्याशीच हसत होता.

“मावशी, कंपनीसाठी तुमचा दोघांचा एक फोटो काढतो,” तो म्हणाला. “मागं कपाशीचं काहीतरी दिसलं पाहिजे. गेल्या सालची वाळलेली पऱ्हाटी सरपणाला रचून ठेवली असेल ना, तिच्यापुढं दोघं उभे राहा.”

सत्यभामाबाईनं नवऱ्याकडे पाहिलं.

“पऱ्हाटी कुठून आणाव, भाऊ?” ती म्हणाली. “पह्यल्या सालची अळी पाह्यली अन् साऱ्या गावानं कापूस लावणंच सोडून देल्लं, तव्हापासून समदे सोयाबीनच पेरतात.”