न उघडलेली फाईल

रविवारी सकाळी दहा वाजता मुलाने घरच्या कॉम्प्युटरवर नवा अँटिव्हायरस टाकला.

"जुन्याने काय घोडं मारलं होतं?" आईने विचारलं.

"दरवर्षी पैसे मागायचा. हा फुकट आहे, हल्ली सगळे हाच घेतात."

"फुकटचा पाहुणा घरभर हिंडतो. आपलं सगळं वाचत बसेल."

"वाचू दे की. तुझं एवढं काय गुपित आहे?"

आई त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. तपासणी संपली. चाळीस हजार फायली ठीक निघाल्या, एक तेवढी पासवर्डमुळे उघडली नाही.

"आई, 'विणकामाचे नमुने'? विणकामाला कुणी कुलूप लावतं का? सांग पासवर्ड."

बायॉप्सीचा अहवाल त्या फायलीत ठेवून तिला अकरा दिवस झाले होते. सव्वाअकरापर्यंत तरी तिने पासवर्ड सांगितला नव्हता.