बिनहुकमाची कवायत

चष्मा चौथ्यांदा हरवला, तेव्हाही टकळी खुर्चीतून उठली नाही.

"फ्रिजवर बघा, आजोबा," मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली.

"बघितलं. नाहीये."

"मग बाथरूममध्ये."

चष्मा मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात होता. सगळी हयात त्यांनी शाळेत कवायत शिकवली होती आणि त्यातून एक गोष्ट त्यांना पक्की कळली होती. बसकण मारलेल्या पोराला हुकूम सोडला की ते आणखी घट्ट बसतं. त्याच्याकडे मदत मागावी, आपण वेड घेऊन पेडगावला जावं, म्हणजे ते आपण होऊन उठतं. स्वतःच्या लेकीला तर त्यांनी असंच पोहायला शिकवलं होतं, बुडायचं सोंग करून.

साथीमुळे सगळं शहर दारं लावून बसलं होतं. मास्तरांची लेक परिचारिका. तिला आता इस्पितळातच राहावं लागणार होतं आणि जावई कामाच्या गावी अडकलेला. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीला ती आपल्या बापाकडे ठेवून गेली. जाताना तिने मास्तरांना जिन्यात गाठलं.

"बाबा, पोरगी आतल्या आत मिटत चाललीय. दिवसभर एका जागी बसून असते, धड जेवत नाही, बोलत नाही. मला भीती वाटते हो."

"आपली टकळी? बोलत नाही?"

"तिच्याकडे विषय काढू नका. आपण तिच्यावर लक्ष ठेवतोय हे कळलं, तर सगळंच फिसकटेल. आता तुम्हीच काय ते करा."

या पोरीच्या तोंडाची टकळी जन्मात कधी थांबली नव्हती, म्हणून तर ते नाव पडलं.

आल्या दिवशीच तिने खिडकीजवळची आरामखुर्ची बळकावली. खुर्ची खरं तर मास्तरांची. बायको गेल्यापासून त्यांचा सगळा दिवस तिच्यातच जायचा, सकाळचा चहा-पाव तिथेच आणि रात्रीचाही तिथेच. पण म्हाताऱ्याची गोष्ट वेगळी. या पोरीचं वय काय आणि ही तऱ्हा काय! ऊठ म्हणावं, तर युक्ती मोडते. घरात बसायला दुसरी धड जागा नाही. मास्तर आपले इकडून तिकडे येरझाऱ्या घालू लागले.

जेवणाचं तर विचारूच नका. चहा-पावाला ती शिवेना. शेवटी मास्तरांनी बाह्या सरसावल्या आणि कैक महिन्यांनी गॅसवर कढई चढवली. पहिल्या दिवशी भाजी करपली, दुसऱ्या दिवशी खारट झाली. टकळीने ताटाकडे पाहिलं.

"तुम्ही बसणार असाल तर जेवते. एकटीला घास उतरत नाही."

नातीसाठी माणूस काय करत नाही? मास्तरांनी ती खारट भाजी मुकाट्याने संपवली.

कपडे वाळत घालायला गच्चीवर ती एकटी जाईना. का, तर म्हणे भीती वाटते. दिवसाढवळ्या! मग मास्तर सोबत निघाले. दुसऱ्या मजल्यावरच त्यांना धाप लागली आणि ते कठडा धरून उभे राहिले.

"थकलीस का गं?" त्यांनीच आधी विचारलं.

"हो, थोडी."

दोघं पायरीवर टेकले. एवढ्याशा जिन्याने ही थकते, म्हणजे प्रकरण लेक म्हणाली त्याहून गंभीर आहे, असं मास्तरांना वाटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दिवसातून दोनदा गच्चीची फेरी लावली.

एका संध्याकाळी लेकीचा रोजचा फोन आला नाही. टकळी पाय पोटाशी घेऊन बसली होती. मास्तरांनी जवळ जाऊन पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले.

"आजोबा, आईला काही झालं तर?"

मास्तर हादरले. चष्मा, युक्त्या, सोंगं, काही सुचेना. ते तिच्या पायाशी जमिनीवरच बसले.

"काही होणार नाही असं म्हणू शकत नाही गं मी," ते म्हणाले. "तुझी आजी आजारी होती तेव्हा रोज तेच म्हणायचो. मग ती गेली, आणि मी तिचं नाव घेणंच सोडलं. वाटायचं, घेतलं तर कोसळेन."

पण त्या दिवशी घेतलं. आजी पत्त्यांत कशी लबाडी करायची, पकडली गेली की कशी दुसऱ्यालाच दटावायची, सगळं सांगत गेले. टकळी रडता रडता हसली. मास्तर हसता हसता रडले, चांगले हुंदके देऊन. पोरीने त्यांचं डोकं कुशीत घेतलं. तेवढ्यात फोन वाजला. लेकीला कामातून सवड झाली नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टकळी अंघोळ करताना गाणं म्हणत होती. बंद दाराबाहेर उभं राहून मास्तरांनी ते ऐकलं आणि त्यांचा ऊर भरून आला. गड सर झाला होता. पोरीला आज आराम द्यावा म्हणून त्यांनी धुण्याची बादली उचलली आणि कुठेही न थांबता ते गच्चीवर पोचले. मोठी चादर दोरीवर पसरून तिला चिमटे लावू लागले.

चादरीच्या पलीकडे पावलं वाजली. टकळी फोनवर बोलत आली होती. मास्तर हाक मारणार, तोच ती म्हणाली,

"बोल आई, आजोबा आत पडलेत. अगं, काल त्यांनी आजीचं नाव काढलं! खूप रडले, आणि मग दोनदा वाढून घेतलं. जिने तर आता माझ्याआधी चढतात. नाही, खुर्चीत अजून बसू दिलेलं नाही."

मास्तरांचा हात दोरीवरच थबकला.

"छे गं, कळणार कसं?" टकळी हसली. "त्यांना अजून वाटतंय, आजारी मीच आहे."