पेडलाखालची गादी

जालन्यातल्या भाड्याच्या खोलीत भार्गवी हेडफोन लावून इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवायची. आवाज तिच्याच कानात राहायचा. पण दोन्ही पायांनी डबल बासचे पेडल हाणू लागली, की फरशी धडधडायची. खालच्या सलमाचाचींकडे तान्हं नातवंड आल्याचं कळलं, तेव्हा स्पर्धा तोंडावर असूनही तिनं सराव थांबवला. आठवड्यानं चाचीच कापसाची जाड गादी खांद्यावर घेऊन दारात आल्या. “आमच्या यांनी दुकानात तुझ्यासाठी भरली. धडधडतं त्याच्याखाली टाक. बंद कशाला केलं गं?” भार्गवीनं गादी पेडलाखाली सरकवली. तिनं चाचींना शेजारी बसवलं, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि स्वतःला ऐकू येत नसतानाही अख्खं गाणं वाजवलं. “या अल्ला!” चाची म्हणाल्या, “मला वाटायचं, तू मसाला कुटून राह्यली!” भार्गवीला हसता हसता रडू आलं. “थांब,” चाची उठल्या, “यांनाबी बोलावते. गादी भरणाऱ्यानं ऐकलं पाहिजे.”