चौथा पंप

प्रवाळांच्या टँकखाली वाकून निनाद खनिजं सोडणारे डोसिंग पंप मोबाइलवरून लावत होता. "कॅल्शियम बारा मिली, मॅग्नेशियम चार. एक मिली इकडेतिकडे झालं ना केतकी, की कोरल गेलेच म्हणून समज!"

केवढी ती माया! सहा महिन्यांच्या लेकीचे व्हिटॅमिनचे थेंब मात्र याच आठवड्यात चार वेळा राहिले. "विसरलोच गं," हे वाक्य तेवढं साहेबांना दर वेळी बिनचूक आठवलं. आणि सोमवारपासून केतकीचं ऑफिस सुरू. सकाळचे थेंब बाबांच्या भरवशावर.

रविवारी तिने गुपचूप त्याच्या मोबाइलवरच्या पंपांच्या ॲपमध्ये रिकामाच पडलेला चौथा पंप सुरू केला: सकाळी आठ, अर्धा मिली.

सोमवारी आठला अलार्म कोकलला. 'चौथा पंप, डोस राहिला!' निनाद अर्धी दाढी तशीच ठेवून धावला. चौथ्या पंपापाशी लेकीची थेंबांची बाटली उभी होती.

"हा कुठला कोरल गं?"

"सात किलोचा. आत रडतोय."

ड्रॉपर डोळ्यांसमोर धरून तो रेघ तपासू लागला. केतकीने पर्स उचलली. चला, उशिरा का होईना, लेकीला कोरलचा मान मिळाला!