पहिला घोट

कुमुदने ग्लास स्वयंपाकघरातच भरला. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याची, अप्पांची, दारू बंद केली, पण अप्पा ऐकेनात. तेव्हापासून ती दर रविवारी जेवणाआधी त्यांना नेहमीच्या बियरऐवजी गुपचूप बिनदारूची बियर द्यायची आणि पहिला घोट होईपर्यंत जीव मुठीत धरून उभी राहायची.

कारण अप्पांची जीभ. बोटीवर नोकरीला असताना ह्यूस्टनला त्यांनी एक अमेरिकन बियर पहिल्यांदा प्यायली, त्यानंतर चाळीस वर्षं दुसरीला हात लावला नाही. लेकीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी गंमत म्हणून दुसरीच ओतली, तर एका घोटात सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलगी दिली तुम्हाला, म्हणून काहीही पाजाल होय?"

अशा माणसाला चार महिने ही अदलाबदल कळली नव्हती. आधी तिला सुटल्यासारखं वाटलं. मग थोरले दीर आठवले. त्यांनाही आधी वास कळेनासा झाला, मग चव, शेवटी बायकोलाही ओळखेनात.

म्हणून आज चव कळते का ते बघायला तिने सरळ सफरचंदाचा गोड सोडा ओतला होता. रंग तसाच, फेस बेताचा. अप्पांनी सवयीने बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर उडवले आणि ग्लास तोंडाला लावला. ओरडा, ती मनात म्हणत होती. अहो, ग्लास फेकून मारा मला.

अप्पांनी मोठा घोट घेऊन डोळे मिटले.

"चाळीस वर्षं झाली गं," ते खुशीत म्हणाले, "पण हिची चव जराही बदलली नाही बघ."