नाव न घेता

प्रयोगशाळेच्या साइटवरून बियाण्याचा उगवण अहवाल रोज आपोआप उतरवून साहेबांना धाडणारी स्क्रिप्ट मीनानं लिहिली खरी, पण सर्व्हर फाइलीला दर वेळी नवंच लांबलचक नाव द्यायचा.

"नावच माहीत न्हाई, तर शोधू कशी गं माय?"

भाकरी थापता थापता द्वारकाबाई हसल्या. "तीस वर्षांत तुह्या बापाचं नाव न्हाई घेतलं मी. समद्यात शेवटी जे दारातून आले, ते आपले! एकदाबी चूक न्हाई झाली."

मीनाला पटलं. मोबाइलवर सगळ्यात शेवटी उतरलेली फाइल धाडायची, असं तिनं स्क्रिप्टला सांगून टाकलं.

तेवढ्यात दार वाजलं. द्वारकाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अहो, हातपाय धुवा, ताट वाढलंय."

"काकू, मी सिलिंडरवाला."

मीनानं दचकून मोबाइल बघितला. आत्यानं नुकताच पाठवलेला स्थळाचा बायोडाटा साहेबांकडे पोचला होता. त्यांचं उत्तरही आलं होतं : "मुलगा बरा वाटतोय. अहवाल कुठंय?"