खिंडीपलीकडचा संगणक

सिर्गाच्या मुलाला पाळण्यात घातलं, त्याच हिवाळ्यात दोलोनची खिंड बर्फानं बंद झाली आणि ती सासरी नारीनलाच अडकली. तिचं काम मात्र बिश्केकच्या संस्थेतल्या मोठ्या संगणकात होतं. हिमनदीखालच्या तळ्याचं रंगीत चित्र तिथून काढून आज दुपारपर्यंत परीक्षकांना पाठवायचं होतं. नाही तर डॉक्टरेटची पदवी वर्षभर लांबणार होती. वडलांचं हृदय थकलं होतं. वर्षभर थांबणं त्यांना जमेल असं तिला वाटत नव्हतं.

तिथला स्क्रीन घरी दाखवणाऱ्या प्रोग्रामची मुदत सकाळीच संपली. विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं. ती फुकटातलं काही शोधत बसली. एकात नुसती अक्षरं दिसत, चित्र नाही. दुसरा जोडला जाई आणि लगेच तुटे. तिसऱ्याला नोंदणीसाठी फोन हवा होता.

"आई, माझा फोन द्या ना."

"बाळ आत्ता कुठे झोपलंय. फोन वाजला की उठेल," सासूबाई झूरा दारातूनच म्हणाल्या. फोन कालपासून त्यांच्याच खिशात होता.

"आवाज बंद करते मी."

"फोन मागतंय, मग फुकट कसलं ते? दुसरं शोध."

सिर्गानं ओठ आवळले. स्वयंपाकघरात मटण शिजत होतं, बोरसोकचे पिठाचे तुकडे तळले जात होते.

"आणि आजच कशाला पाहुणे बोलावले?"

"आपलीच माणसं आहेत. तू तुझं बघ."

चौथा प्रोग्राम चालण्यासारखा निघाला. चित्र दाखवत होता, नोंदणी मागत नव्हता. पण पलीकडे कुणीतरी बसून परवानगी द्यायला हवी होती. त्या खोलीची राखण तिचे वडील एसेनबायच करत. तिनं निरोपाच्या खिडकीत लिहिलं, "बाबा, आहात का?"

उत्तर आलं नाही. तिनं सासूबाईंना तसं सांगितलं. त्या खिशातला फोन चाचपत अंगणात गेल्या.

बऱ्याच वेळानं अक्षरं उमटली. "आहे. सांग."

तिनं एकेक पायरी सांगितली. पलीकडून सगळं झटपट होत गेलं.

"बाबा, आज एका बोटानं टाइप करत नाही वाटतं! शिकवणी लावली का कुणाकडे?"

"तू काम कर, बाळा."

स्क्रीन उघडला. चित्र थबकत थबकत उतरू लागलं. अर्ध्यावर तुटलं. तिनं रंग कमी केले, पुन्हा जोडलं. परवानगी लगेच आली. बाहेर गाड्या थांबल्याचे आवाज आले. सासूबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का?"

"आई, मागे उभ्या राहू नका हो. हात चालत नाही माझा."

"बरं," त्या म्हणाल्या. पण हलल्या नाहीत.

तळं पूर्ण उतरलं. तिनं ते पाठवलं. थोड्या वेळानं परीक्षकांची पोच आली.

"बाबा, पोचलं! खिंड उघडली की येते. डॉक्टरीणबाईंच्या हातचा चहा प्यायला तयार राहा."

उत्तर आलं नाही. सासूबाईंनी हात पुढे करून संगणक बंद केला.

"अहो आई, हे काय!"

दार उघडलं. सासरचे शारशेनकाका आणि गावातले चार वडीलधारे आत आले, आणि तिच्यासमोर गालिच्यावर बसले. बायका दारातच थांबल्या.

"लेकी, खाली बस," काका म्हणाले. "तिकडे मघापासून तुझा भाऊ मेलिस बसला होता."

सिर्गाचे वडील एसेनबाय काल पहाटे वारले होते.